काचेवरचा माऊस

टेबलांवर नुकतेच कॉम्प्युटर येऊन बसले होते, तेव्हाची गोष्ट. एका वाचनालयात सुमतीताईंनी टेबलावर नवी कोरी काच घातली, तिच्याखाली देवांचे फोटो सरकवले, आणि त्याच दिवसापासून माऊसचा बाण पडद्यावर भलतीकडेच उड्या मारू लागला. ताईंनी वायर काढून पुन्हा खोचली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फरक शून्य.

“बिघडलाय मेला. भंगारात टाकते,” ताई म्हणाल्या.

“काचेखालच्या देवांना हात जोड बाबा,” कीबोर्ड माऊसला कुजबुजला.

“का म्हणून? मी पोटातल्या लाल दिव्याने पायाखालची जमीन बघून चालतो. या काचेतून माझी नजर आरपार जाते, मग पाय टेकू कुठे?”

“मी आहेच तशी नितळ,” काच म्हणाली. “तुलाच चालता येत नाही रे.”

माऊस ताईंच्या हाताखालून घसरला आणि काचेबाहेरच्या लाकडी कडेवर गेला. तिथे बाण सुतासारखा सरळ धावला.

ताई बघतच राहिल्या. मग त्यांनी एक जुनी लग्नपत्रिका काढून काचेवर पसरली आणि माऊस तिच्यावर ठेवला. तो ऐटीत फिरू लागला.

“अगंबाई, मी दिसेनाशीच झाले,” काच कुरकुरली.

“इतरांना तू आज दिसेनाशी झालीस,” माऊस म्हणाला. “मला तू पहिल्या दिवसापासून दिसत नव्हतीस.”