चिनीबाई पुन्हा मधोमध

फार पूर्वी एका स्वयंपाकघरात फळीच्या मधोमध चिनी मातीची बरणी बसायची. मग साता समुद्रापलीकडून काचेची बरणी आली आणि चिनीबाईची रवानगी माळ्यावर झाली. तिथे ती वर्षानुवर्षं राग मुरवत बसली.

एक दिवस काचेच्या बरणीला तडा गेला. तिला कोपऱ्यात सारलं आणि चिनीबाई थाटात खाली आली.

"ही जागा मूळची माझीच! आजपासून सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करून बसायचं."

वळून वळून डब्यांची झाकणं सैल झाली होती, तरी बिचारे मुकाट्याने वळले. हिंगाची डबी तेवढी खुदकन हसली.

"हसायला काय झालं गं?"

"काही नाही, बाई. काचबाईसुद्धा आल्या आल्या हेच म्हणाल्या होत्या. फक्त त्यांच्या पोटात काय आहे, ते आम्हाला बाहेरून दिसायचं."