वाघजाईचा खारा कौल

घारवलीच्या खाडीवर, देवळाखालच्या पुळणीत, माडाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवाखाली 'वाघजाई' उभी असते. ज्येष्ठात समुद्र बंद झाला की सारा गाव या गलबताला दोरखंड लावून वर ओढतो आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटतो. मधल्या काळात तिचे बाळंतपण चालते, असे आमच्याकडे म्हणतात. कुजलेली फळी काढून नवी सागाची बसवायची, शीड उसवून शिवायचे, डोलकाठीला तेल पाजायचे, सांध्यांतला जुना कापूस खरवडून तेल-राळेत भिजवलेला नवा कापूस छिन्नीने ठोकून भरायचा. हे काम मजुरीवर होत नाही. ज्या घरातल्या ज्याला जे येते, त्याने ते करायचे.

दरवर्षी कुणीतरी शहाणा सुचवतो की हे गलबत शहरातल्या संग्रहालयाला देऊन टाका, तिथे रंग देऊन, कठडा लावून नीट ठेवतील. गाव ऐकून घेतो आणि कापूस भिजवायला बसतो. जे पाण्यात उतरत नाही ते कितीही चकचकीत असले तरी गलबताचे चित्र आहे, गलबत नव्हे. हे आम्हाला कुणी शिकवावे लागत नाही.

पाहुणे येतात, फोटो काढतात आणि उपड्या होडीवर बसलेल्या धर्माआबांना गाठतात. आबा जुने तांडेल, म्हणजे गलबत चालवणारे. यंदा एका पाहुण्याने त्यांना विचारले, "फळ्या बदलल्या, डोलकाठी बदलली, शीड बदललं. मग जुनं असं काय उरलं, आबा?"

"तुमच्या गावात जुनी माणसं किती उरलीत?"

"फार नाहीत."

"तरी गाव तोच म्हणता ना? मग गलबतालाच काय वेगळा कायदा?"

पाहुणा हसला. तेवढ्यात कळशा घेतलेल्या बायका देवळाकडून उतरू लागल्या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी प्रत्येक घरातून एक कळशी गोडे पाणी येते आणि ते गलबताच्या पोटात ओततात. समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना विहिरीचे पाणी कशाला, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. आणि आबा प्रत्येक वेळी तितक्याच सावकाशीने आवडी नावाच्या बाईची कथा सांगतात.

फार पूर्वी, असे सांगतात, घारवलीवर एक वर्ष असे आले की आषाढ कोरडा गेला. नाचणी उगवली नाही, भाताची रोपे पिवळी पडली. गावातल्या विहिरी एकेक करून आटल्या आणि देवळामागच्या बावीत तेवढे पाणी उरले, तेही दोर वाढवत वाढवत काढायचे. तांदळाचे कणगे रिकामे होत आले. दक्षिणेकडच्या बंदरांतून तांदूळ आणायचा, तर ते एवढे लांबचे काम करणारे गलबत गावात एकच, आणि ते गळके होते.

कसे गळके, तेही ऐकण्यासारखे आहे. मागच्या हंगामाच्या शेवटी भर समुद्रात वाघजाईला तळाशी भोक पडले. हरबा नावाचा खलाशी खाली उतरला. पाणी कुठून येते ते त्यालाच दिसले, आणि गलबत खाडीत शिरेपर्यंत तो पाण्यात उभा राहून ते भोक अंगाने दाबून होता, म्हणे. गलबत वाचले, माणसे वाचली. तळाच्या अंधारातून हरबा सरपटत शिडीशी आला, वर काढले तेव्हा त्याच्यात बोलण्याचे त्राण नव्हते, आणि घरी नेईपर्यंत तो गेला. भोक नेमके कुठे होते हे त्याच्याबरोबर गेले.

तांडेल होता दुलबाजी. माणूस धाडसाचा, पण वाघजाईचा अभिमान एवढा की तिच्यात खोट आहे हे त्याला बोलवत नसे. त्याने सगळे सांधे उकरून पुन्हा भरले, आणि भोक सापडते का ते पाहायला खाडीचे पाणी बादल्यांनी आत ओतून बाहेरून पाहिले. रीत बरोबर होती. आतले पाणी जिथून बाहेर झिरपते तिथून समुद्राचे पाणी आत येणार. पण चूक तिथेच झाली. उधाणाची भरती रोज गलबताच्या पोटाला लागून परत जात होती आणि वाऱ्याबरोबर तुषार उडत होते. सबंध लाकूड ओले. हजार ठिकाणी थेंब, आणि आतला कोणता, बाहेरचा कोणता, हे कोण सांगणार? समुद्रावर जगणाऱ्या गावाला पाणी म्हटले की खारेच आठवते.

पौर्णिमा जवळ आली. दुलबाजीने गाव देवळात बोलावला आणि सांगितले, "भोक सापडो न सापडो, गलबत निघणार. उपाशी बसून मरण्यापेक्षा पाण्यात मेलेलं काय वाईट? पण तळाशी एक माणूस लागेल. पाणी आलं की अंगाने अडवणारा."

हरबाची जागा कुणी घ्यायची यावर, गलबताला जिचे नाव त्या वाघजाईदेवीचा कौल लावला. मूर्तीला फुले चिकटवली आणि एकेका घराचे नाव घेत गेले. फूल पडले ते हरबाच्याच घरावर. त्या घरात दोनच माणसे उरली होती. हरबाची बायको आवडी, आणि तिने लहानाचा मोठा केलेला तिचा दीर गणू.

गणू म्हणाला, "जातो मी. दादाने केलं ते मला जमेल."

"दादाने काय केलं ते मी तिरडीवर पाहिलंय," आवडी म्हणाली. मग तिने देवीपुढे हात जोडले. "आई, कौल तू दिलास, मी मोडणार नाही. पण गलबत निघायच्या आत भोक मी शोधून काढते. तोवर मिठाचा खडा जिभेवर ठेवणार नाही."

कोकणातल्या बाईने मीठ सोडणे म्हणजे जेवण सोडल्यासारखेच. तिची अळणी पेज पाहून शेजारणी हळहळल्या. एकीने टोमणाही मारला, "मीठ सोडून भोकं सापडली असती तर वैद्यांनी पथ्यावर गलबतं चालवली असती गो." आवडी रोज पुळणीत जाई, फळीफळीवरून हात फिरवी, कान लावी, आणि हात हलवत परत येई.

एके दिवशी फळी पुसताना तिने घामेजलेला चेहरा ओल्या हाताने पुसला आणि ओठाला थेंब लागला. इतके दिवस अळणी खाल्लेल्या जिभेला तो थेंब विंचवासारखा डसला, असे सांगतात. ती पुढच्या फळीकडे गेली. बोट लावले, जिभेला लावले. खारट. त्यापुढची, तीही खारट. ती तिथेच वाळूत बसली. आभाळातून थेंब पडत नव्हता, भरती खारी, वारा खारा. मग गलबताच्या अंगावर गोडा थेंब सापडलाच, तर तो आतूनच आलेला असणार.

ती तडक दुलबाजीकडे गेली. "तांडेलमामा, गलबतात गोडं पाणी भरा."

दुलबाजीने तिच्याकडे पाहिले. "आवडे, गावाला प्यायला पाणी नाही."

"ठाऊक आहे. बावीवर मीच जाते पाण्याला."

"लाकडाला गोडं पाणी मानवत नाही, कुजतं ते. आणि पोरांच्या तोंडचं पाणी लाकडात ओतू म्हणतेस? उद्या मला काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मला म्हणतील. गणूने हरबाच्या जागी उभं राहायचं, तर हरबा कुठे उभा होता ते तरी कळू दे."

दुलबाजी नाहीच म्हणाला. पण बोलणे बावीवर पोचायला कितीसा वेळ लागतो? दुपार कलायच्या आत बायका आपापल्या घरातले पाणी घेऊन पुळणीत उतरल्या. दुलबाजी गलबताच्या शिडीशी हात पसरून उभा होता. सर्वांत पुढे त्याचीच बायको सगुणा होती.

"मागे फिर," तो म्हणाला.

"डोक्यावर कळशी आहे, सांडेल. आणि माझा भाऊही खलाशी म्हणून जातोय तुमच्या गलबतातून. सरा बाजूला."

दुलबाजी सरला. नुसता सरला नाही, तिच्या डोक्यावरची कळशी त्याने उतरवून घेतली आणि पहिले पाणी स्वतःच्या हाताने ओतले. आबा इथे नेहमी थोडे थांबतात. तांडेलाने वाट सोडणे म्हणजे काय, हे तांडेलालाच कळते.

पाणी एवढे थोडे की सगळा तळ भिजणार नव्हता. म्हणून पुरुषांनी आत चिकणमातीचे बांध घातले. एका भागात पाणी साठवायचे, बाहेरून तपासायचे, मग तेच पाणी उपसून पुढच्या भागात घालायचे. आवडी खाली वाकून सांध्यासांध्यावर बोट फिरवी आणि जिभेला लावून थुंके.

"खारं," ती म्हणे, आणि वर उभ्या असलेल्यांचा चेहरा उतरे. पाणी पुढच्या भागात जाई. "खारं." प्रत्येक उपशाला पाणी थोडे कमी होई. सुकाणूकडून सुरुवात केलेली, ती नाळेपर्यंत, म्हणजे गलबताच्या तोंडापर्यंत आली तेव्हा आत जेमतेम पाऊल बुडेल एवढे पाणी राहिले होते. नाळेखाली भलीमोठी आडवी वासळी, म्हणजे जाड तुळई बसवलेली, तिच्याआड अंग चोरून शिरल्याशिवाय कुणाचा हात पोचत नसे. बाहेरच्या अंगाला तिथे एक थेंब लोंबत होता. आवडीने तो बोटावर घेतला आणि ती थांबली.

थेंब लाल होता.

तिने तो जिभेला लावला. मग म्हणाली, "गोड."

वासळी उचकटली. तिच्यामागे फळीला भेग होती आणि भेगेत कापडाचा बोळा गच्च ठोकलेला होता. हरबाच्या लाल पागोट्याचा. त्याने अंग लावण्याआधी पागोटे लावले होते. कापड आता सडत आले होते, आणखी एका सफरीत ते निघून गेले असते. कोणी म्हणतात तो थेंब पागोट्याच्या रंगाचा होता, कोणी म्हणतात रक्ताचा. आबांना विचारले तर ते म्हणतात, "चाखला आवडीने. तिने फक्त गोड म्हटलं. आपण कशाला जास्त बोलावं?"

फळी काढली, नवी बसवली. सांध्यात कापूस भरायच्या आधी आवडीने त्या पागोट्याची एक धड चिंधी फाडून आत ठेवली आणि छिन्नीवर पहिला घाव तिनेच घातला. मग भरती नव्या फळीला लागून गेल्यावर उरलेसुरले पाणी पुन्हा नाळेत ओतले. आवडीने बोट लावले, चाखले.

"खारं."

आतापर्यंत ज्या शब्दाने तोंडे उतरत होती, त्याच शब्दाला, म्हणे, असा जल्लोष झाला की खाडीपलीकडच्या गावाला वाटले घारवलीत पाऊस पडला. एक म्हातारी तेवढ्यात म्हणाली, "आवडे, एवढा वेळ खारं चाखलंस, व्रत मोडलं की गो तुझं."

"थुंकत होते मी," आवडी म्हणाली. "हा थेंब तेवढा गिळला."

तिचे व्रत मोडले की सुटले, यावर आमच्या गावात अजून वाद होतो आणि तो दरवर्षी त्याच दिवशी, त्याच पुळणीत होतो.

पौर्णिमेला वाघजाई निघाली. कौल मोडायचा नाही म्हणून गणू तळाशीच गेला. पण ती तांदूळ भरून परत आली तेव्हा तो तळातून वर चढला तो पाठीला तांदळाचा कोंडा चिकटलेला, पाय कोरडे ठणठणीत. दुलबाजीने गलबतातून उतरून आधी घर गाठले नाही. तो आवडीच्या दारात गेला आणि पागोटे काढून म्हणाला, "यापुढे तळाला माणूस उभा करणार नाही. कापड लागलं तर आधी माझ्या डोक्याचं." हे त्याने वाघजाईला स्मरून सांगितले, आणि घारवलीच्या एकाही तांडेलाने ते मोडलेले नाही.

एवढे सांगून आबा उठतात, कारण तोवर बायका पोचलेल्या असतात.

आजही घारवलीत पौर्णिमेआधी आठवडाभर आवडीच्या घरातली सून अळणी जेवते. आजही पाणी ओतण्याआधी गलबत खाडीच्या पाण्याने धुऊन काढतात आणि मांडवाचे छप्पर नीट पाहतात, पावसाचा थेंब आत यायला नको म्हणून. आता नळ आहेत, पंप आहेत, एका तासात गलबत भरेल. तरी पाणी कळशीनेच येते आणि पहिली कळशी तांडेल आपल्या बायकोच्या डोक्यावरून स्वतः उतरवतो. नाळेखालच्या सांध्यात कापसाआधी लाल चिंधी जाते. ती आजच्या तांडेलाच्या डोक्याच्या फडक्याची असते, आणि ती त्याने सगळ्यांदेखत फाडायची असते.

मग गाव नाळेभोवती जमतो. सून वाकते, नाळेखाली बोट लावते, चाखते. दुसऱ्या गावात शुभ बोलायचे म्हणून गोड बोलतात, तोंड गोड करतात. आमच्याकडे त्या दिवशी गोडाचे नाव काढत नाहीत. जिची माणसे उद्या पाण्यावर जायची आहेत अशी प्रत्येक बाई तिच्या ओठांकडे पाहत असते.

"खारं," ती म्हणते.

आणि चिमूट चिमूट मीठ हातोहात फिरू लागते. यंदा पाहुण्याच्या तळहातावरही आबांनी ठेवले. "प्रसाद आहे," ते म्हणाले. "थुंकायचा नाही."