सातवा गडी

नीरेकाठच्या एका गावात लहानू जिनगर नावाचा तसबिरी मढवणारा राहत होता. गावच्या तालमीत एक जुना फोटो होता. गावाने हुतूतूचा पहिला संघ उभा केला, तेव्हाचा. त्यात सात गडी होते. खाली सहा जणांची नावे शाबूत होती. सातवे वाळवीने खाल्ले होते.

"तो सातवा म्हणजे तुझा आजा," असे आईने लहानूला लहानपणीच सांगितले होते. गावही तेच मानी. तालमीला ऐंशी वर्षे झाली, तेव्हा त्या सात गड्यांच्या नावांची पाटी रंगवायचे काम त्याच्याकडेच आले.

लिहिण्याआधी लहानूने फोटोला भिंग लावले. केस जातात, गाल बसतात, पण कानाची ठेवण बदलत नाही, हे त्याला कामातून कळले होते. सातव्या गड्याच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. दंडावर चौकोनी ताईत होता, त्याचा एक कोपरा दुमडलेला. घरच्या फोटोतल्या आजाची पाळी मात्र सुटी, लोंबती होती.

लहानूचा कुंचला थांबला.

"अरे, कान बघायला कोण येतंय? लिही आणि मोकळा हो!" तालमीचे वस्ताद हसले.

"वस्ताद, मी बघितलाय ना," लहानू म्हणाला.

सातवी जागा कोरी राहिली. "आजेसासऱ्यांचं नाव स्वतःच्या हातानं घालवलंत!" म्हणून बायकोने आठवडाभर अबोला धरला. लहानू मात्र माणसांचे कान न्याहाळत हिंडू लागला. लोक त्याला 'कानपाहू' म्हणून चिडवू लागले.

दुसऱ्या वर्षी बाजारात त्याला टोपल्या विकणारी एक म्हातारी दिसली. तिच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. गळ्यात चौकोनी ताईत होता. एक कोपरा दुमडलेला.

"आजी, हा ताईत कुणाचा?"

"माझ्या बापाचा, राणू बुरुडाचा. याच गावचा. मी पोटात असताना पटकीच्या साथीत गेला. आई माहेरी गेली, ती परतलीच नाही. मी काही त्याचं तोंड पाहिलं नाही, बाबा."

लहानू तिला तालमीत घेऊन गेला. म्हातारी फोटोपुढे उभी राहिली. फोटोतला गडी विशीतला, लेक ऐंशीच्या घरातली. तिने हात काचेवर, त्याच्या गालावर ठेवला.

"किती लहान आहे रं हा!" ती म्हणाली.

वस्तादांनी डोक्यावरचा पटका उतरवून हातात घेतला. लहानूने कुंचला उचलला आणि कोऱ्या जागी सावकाश लिहिले: राणू बुरूड.

तात्पर्य: आपल्याकडे चुकून आलेला मान जो सोडतो, त्यालाच त्या मानाचा खरा धनी सापडतो.