सासूची टकळी, सुनेचा चरखा

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी मांडीवर बसून ऐकावी, मोठ्यांनी हातातलं काम करता करता ऐकावी.

एका माळाच्या कडेला मेंढपाळांची वाडी होती. त्या वाडीत ठकूबाई राहायची. मेंढरांमागून चालता चालता टकळीवर लोकरीचं सूत कातावं तर ठकूबाईनंच. काखेत पिंजलेली लोकर, बोटांतून सुटणारा धागा आणि धाग्याच्या टोकाला गरगर फिरत लोंबणारी टकळी. नजर मात्र मेंढरांवर. वाटेत दगड येवो, काटा येवो, ओढा येवो, तिचा धागा काही तुटायचा नाही.

वाडीतल्या साऱ्या बायका तिच्याच हाताखाली कातायला शिकल्या होत्या. कोणाचं सूत जाडंभरडं झालं की ठकूबाई ते चिमटीत धरून नुसती भुवई उचलायची. बस्स, ती बाई निमूटपणे पुन्हा कातायला बसायची.

ठकूबाईच्या मुलाचं, भिवाचं लग्न झालं. सून दूरच्या नदीकाठची, नाव सारजा. माहेराहून येताना तिनं भांडी आणली, लुगडी आणली आणि बैलाच्या पाठीवर लादून एक चरखा आणला.

वाडीनं चरखा कधी पाहिलाच नव्हता. बायका गोळा झाल्या. मोठं लाकडी चाक, त्याच्यापुढं सुईसारखी टोकदार लोखंडी चात, आणि चाकावरून चातीपर्यंत ताणलेली सुताची माळ. चाक फिरलं की माळ फिरे, माळेबरोबर चात फिरे.

"यावर कातायचं? ते कसं हो?" एकीनं विचारलं, आणि सगळ्यांनी ठकूबाईकडं पाहिलं.

ठकूबाईला तरी कुठं ठाऊक होतं! पण तसं म्हणायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "बसून कातायचं म्हणे! मग मेंढरांमागं कोण, चाक जाणार का?"

बायका खो खो हसल्या. सारजानं मान खाली घातली आणि चरखा उचलून घराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

गोष्ट इथंच संपायची. पण दुसऱ्या दिवशी कामं आटोपल्यावर सारजा त्या कोपऱ्यात बसली, आणि चाक गुणगुणू लागलं.

ठकूबाई अंगणात लोकर निवडत होती. तिचे हात लोकरीत आणि डोळे कोपऱ्यात. बघता बघता ती एका कोड्यात अडकली. टकळीची कामं दोन. आधी धाग्याला पीळ द्यायचा, मग टकळी थांबवून तो तिच्यावर गुंडाळायचा. ही पोर मात्र थांबतच नव्हती. चाक तेच, फिरणंही तसंच. तरी घटकाभर धाग्याला नुसता पीळ पडे आणि घटकेत तोच धागा सरसर चातीवर गुंडाळला जाई.

'चाकाला कळतं तरी कसं,' ठकूबाईच्या मनात आलं, 'आता पीळ द्यायचा की आता गुंडाळायचं?'

तो प्रश्न तिच्या मागंच लागला. जेवताना तोच, मेंढरांमागं जाताना तोच. त्याच्या नादात एकदा सपाट माळावर तिचा धागा तुटला, आणि मेंढरंसुद्धा थबकून तिच्याकडं पाहत राहिली.

विचारलं असतं तर संपलं असतं. पण साऱ्या वाडीदेखत आपण हसलो, आता कालच्या पोरीपुढं बसून शिकायचं? ठकूबाई आडून आडून विचारायची.

"सारजे, त्या चाकात काही मंत्रबिंत्र घातलाय का गं?"

"नाही हो आत्याबाई. या ना, दाखवते."

"मला काय करायचंय बघून!" असं म्हणून ठकूबाई उठून जायची आणि भिंतीआडून पुन्हा डोकवायची.

एक दिवस सारजा धुणं घेऊन ओढ्यावर गेली. भिवा रानात होता. ठकूबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि ती चरख्यापुढं बसली. उजव्या हातानं चाक फिरवलं. डावा हात, टकळीची सवय, आपोआप वर गेला. धाग्याला पीळ पडला, मग जास्त पडला, मग धागा स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागला. तिनं चाक जोरात फिरवलं. धाग्याचा गुंता चातीत अडकला, चात वाकली आणि माळ तटकन तुटली.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. सारजा धुणं घेऊन परतली होती, आणि तिच्यामागं भिवाही. त्यांच्या पायांतून एक कोकरू उड्या मारत आत शिरलं.

"बघा, बघा!" ठकूबाईच्या तोंडून निघून गेलं. "याच मेल्यानं चरखा मोडला! मघाशीही आत शिरलं होतं."

भिवानं कोकराचा कान धरला. "आईपासून तोडल्याशिवाय याची खोड जायची नाही," असं म्हणत त्यानं ते नेऊन मोठ्या एडक्यांच्या कुंपणात सोडलं.

सारजा चरख्यापुढं बसली. तिनं गुंता सोडवला. सोडवता सोडवता एकदा सासूच्या बोटांना चिकटलेल्या लोकरीकडं पाहिलं आणि नजर खाली केली.

कोकरू कुंपणातून ओरडायचं, मेंढी बाहेरून ओरडायची. ठकूबाईनं दार लावून घेतलं. आवाज दारातूनही आत येत होता. दुसऱ्या दिवशी उन्हं चढली, अंगणात बायका लोकर पिंजायला बसल्या, आणि भिवा कोकराला हातांवर घेऊन आला. एडक्यांनी त्याला ढुशा मारल्या होत्या. कालपासून पोटात दुधाचा थेंब नव्हता. मान एका बाजूला लोंबत होती.

"हे काही जगत नाही," भिवा म्हणाला. "खोडकर होतं, पण गुणी होतं बिचारं."

ठकूबाईच्या हातातली लोकर गळून पडली.

"ते कोकरू नव्हतं," ती म्हणाली. "मी होते. चरखा मी मोडला. मला तो शिकायचा होता, अन् विचारायची लाज वाटली."

बायकांचे हात थांबले. कोणी हसलं नाही. ठकूबाईनं कोकरू पोटाशी धरलं, मेंढीपाशी नेलं आणि आपल्या बोटानं थेंब थेंब दूध त्याच्या ओठांत सोडत बसली. किती तरी वेळानं कोकरानं एक घोट गिळला. मग दुसरा. मग ते मान ताठ करून स्वतःच आचळाला लागलं. तेव्हा कुठं ठकूबाई उठली.

ती थेट घरात आली, बायकाही मागोमाग आल्या. सारजानं चात सरळ केली होती, नवी माळ ताणली होती. ठकूबाई सर्वांदेखत सुनेपुढं जमिनीवर बसली.

"आता सांग पोरी. चाकाला कळतं कसं?"

"चाकाला काही कळत नाही, आत्याबाई. हाताला कळतं." सारजानं सासूचा डावा हात हातात घेतला. "धागा असा चातीच्या टोकासमोर धरला की नुसता पीळ पडतो. अन् हात असा बाजूला आणून धागा आडवा धरला की गुंडाळला जातो. चाक आपलं फिरत राहतं."

ठकूबाईनं हात समोर धरला. पीळ पडला. हात बाजूला नेला. धागा सरसर गुंडाळला गेला.

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् एवढ्यासाठी मी एका मुक्या जिवाला मारायला निघाले होते!" ठकूबाईचे डोळे भरून आले.

तेव्हा सारजानं घोंगडीखाली दडवलेली एक टकळी बाहेर काढली. तिच्यावर गाठीगाठींचं सूत होतं. "मीही चोरूनच शिकत होते, आत्याबाई. सारखी पडते हो हातातून. तुम्ही भुवई उचलाल म्हणून विचारलं नाही."

ठकूबाईनं त्या सुताकडं पाहिलं. तिची भुवई वर जाऊ लागली होती, ती तिनं आवरली.

"ऊठ. चालत चालत दाखवते," ती म्हणाली. "टकळी थांबली की लगेच उलटी फिरते अन् दिलेला पीळ काढून घेते. ती थांबायच्या आत धरायची. चल, मेंढरं वाट बघतायत."

वर्षं गेली. ठकूबाईचा खांदा धरला, हात वर जाईना, माळावरची चाल जमेना. त्या वयाच्या बायका उंबऱ्याशी रिकाम्या बसून राहायच्या. ठकूबाई मात्र चरख्यावर बसून कातायची आणि वाडीतल्या पोरीबाळी तिच्याभोवती बसून शिकायच्या. मेंढरांमागून आता सारजा जायची, आणि तिच्या टकळीचा धागा ओढ्यातही तुटत नसे.

पुढं वाडीत कोणाचीही नवी सून आली की ठकूबाई आधी तिला जवळ बसवून घ्यायची आणि विचारायची, "मला येत नाही असं तुला काय येतं गं?"

म्हणून सांगतो, मंडळी: शिकावंसं वाटलं की उघडपणे विचारावं, शिकवणारा वयानं लहान असला म्हणून विद्या काही लहान होत नाही.