राजे, वस्तरा आणि कपाटाएवढा कॅमेरा

"हा मी? मला तीन डोकी आहेत?" रणधवलराजांनी फोटो भिरकावला.

भिवपूर संस्थानात विलायतेहून कॅमेरा आला होता. कपाटाएवढा! चार हमालांनी उचलायचा, समोरच्याने पुतळा होऊन बसायचं, तेव्हा कुठे काचेवर चित्र उमटायचं. आणि राजे? बुडाखाली निखारा असल्यासारखे! मधेच उठतील, मिशी पिळतील, माशीमागे धावतील. सगळे फोटोग्राफर हात जोडून पळाले होते.

"मग लहान कॅमेरा घ्या ना," पागेतल्या मोतद्दाराची पोर गोजरा म्हणाली. शाळेने हाकलल्यावर तिने घोड्यांची लीद उपसून एक छोटा, रोलचा कॅमेरा मिळवला होता. शर्यतीचे बैल, उधळलेली शिंगरं, भांडणाऱ्या बायका, पळतं ते सगळं ती टिपायची.

दिवाण तात्यासाहेब खवळले. वय पिकलं होतं, अक्कल कच्चीच राहिली होती. "कार्टे! मोठ्या माणसाला मोठाच कॅमेरा शोभतो!"

"मग तुम्ही चष्मा परातीएवढा घाला की, तात्यासाहेब!"

दरबार फिसकन हसला. राजांना झोंबलं.

"लई बोलतेस! उद्या याच मोठ्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढ. मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. आणि मी कुणासाठी गप बसणार नाही, राजा आहे मी! फोटो हलला, तर तुझं ते खेळणं विहिरीत!"

घरी बाप ओरडला, "जा, नाक घास राजांपुढं!"

"माझं नाक एकच आहे, बापू. राजांना सांगा, फोटोत त्यांची तीन आलीत!"

सकाळी ती हमालांसह राजवाड्याच्या अंगणात हजर. उन्हात धोंडिबा न्हावी राजांच्या गालाला फेस लावत होता.

"ए पोरी, मी हलणार बरं का!"

"हला की, महाराज."

तेवढ्यात धोंडिबाने गळ्याला वस्तरा लावला आणि खेकसला, "गप बसा!" अख्ख्या संस्थानात राजांवर खेकसायचा मान त्याचा एकट्याचा. राजांनी श्वाससुद्धा गिळला. गोजराने भिंगावरचं झाकण काढलं, आरामात जांभई दिली, झाकण लावलं.

संध्याकाळी दरबारात फोटो आला. अर्ध्या तोंडाला फेस, डोळे बटाट्याएवढे, मिशीचा केस न् केस सुटा!

"ही राजाची तसबीर? फेसात बुडालेला बोकड दिसतोय मी!"

"हललाय का, महाराज?"

"नाही, पण मी असा असतो का?"

"नाही ना! तुम्ही असे फक्त वस्तऱ्याखाली असता. मोठाच कॅमेरा हवा, तर प्रत्येक फोटोला धोंडिबा शेजारी उभा करा. नाहीतर आहात तसे फिरा, पळा. मी माझा छोटा घेऊन मागे पळते!"

राजांनी फोटो पाहिला, दिवाणांचं आंबट तोंड पाहिलं आणि असे गदगदून हसले की पागोटंच उडालं! ते झेलायला त्यांनी सिंहासनावरून उडी मारली. खट्! गोजराचा छोटा कॅमेरा वाजला.

तो फोटो दरबारात लागला. पागोटं हवेत, राजे त्यामागे, आणि डोकं एकच! राजांनी गोजराला संस्थानची फोटोग्राफर केलं, वर टांगा भरून रोल दिले.

"आणि या धुडाचं काय करायचं, महाराज?" हमालांनी विचारलं.

"राहू द्या, तात्यासाहेबांच्या फोटोला लागेल," राजे हसत म्हणाले. "दिवाण झाल्यापासून ते एकदाही हललेले नाहीत!"