प्रत बोलते का?

एकदा एक शिष्या संगणकापुढे बसून घामाघूम झाली होती. काम म्हटलं तर एक बटण दाबण्याचं. पण बोट बटणापर्यंत जाई आणि चटका बसावा तसं मागे येई.

स्थळ होतं अंध मुलींची शाळा. तिथे एक वृद्ध बाई शिकवीत. स्वतः जन्मांध; परंतु बुद्धी अशी लखलखीत की डोळस माणसानं समोर उभं राहताना दहादा विचार करावा. दहावीचे सगळे धडे बाईंनी आपल्या आवाजात सांगितले होते आणि त्यांच्या हाताखालच्या या डोळस शिष्येनं ते संगणकात साठवले होते. भूगोलाचा धडा तर असा, "पोरींनो, डावा तळहात पुढे धरा. बोटं उत्तरेला. अंगठ्याकडची कड म्हणजे कोकणचा किनारा. अंगठ्याच्या बुडाशी उंचवटा लागतोय? तो सह्याद्री. तिथून करंगळीकडे धावणारी रेघ चाचपा. ती गोदावरी." ज्यांनी नकाशा कधी पाहिला नाही, त्या मुली महाराष्ट्र मुठीत घेऊन झोपायला जात.

पुढे बाईंना घशाचा आजार जडला, शस्त्रक्रिया झाली आणि तो खणखणीत आवाज गेला. उरली ती खरखर. समोरच्या माणसाला पुरे, वर्गाला नाही. बाईंचा खरा आवाज आता फक्त त्या संगणकात होता. आणि परीक्षा तोंडावर आलेली.

संगणक म्हातारा. रोज सकाळी उघडताच त्याची कुरकुर सुरू: ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली, नवी बसवा. शेवटी शाळेनं संगणकाच्या व्यापाऱ्याला बोलावलं. त्यानं उभ्याउभ्याच तपासलं.

"काही नाही हो ताई त्यात. हे बटण दाबायचं आणि चहा टाकायचा. तुमचा चहा पिऊन होतोय तोवर यंत्र नवंकोरं." मग दारात चपला घालता घालता म्हणाला, "फक्त आधी फाइलींची कॉपी काढून ठेवा हं. क्वचित जातं सगळं पुसून. मग आमच्या नावानं शंख नको."

त्याचं पहिलं बोलणं हवेत विरलं. हे शेवटचं तिच्या पोटात जाऊन बसलं. धन्य तो व्यापारी! भीती तेवढी फुकट देऊन गेला.

पडद्यावर प्रत्येक धड्याचं चिन्ह होतं, खाली नाव होतं. शिष्येनं सगळी चिन्हं उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. पेनड्राइव्ह उघडून पाहिला तर इतिहास, भूगोल, मराठी, सगळी नावं ओळीनं हजर. तरी बोट काही बटणाकडे जाईना.

"किती वेळ श्वास कोंडून बसणार आहेस?" मागच्या खुर्चीतून बाईंची खरखर आली.

"बाई, बटण दाबायचंय."

"मग दाब की. मुहूर्त काढायचाय का?"

"भीती वाटते."

"कॉपी काढलीस?"

"काढली. या डोळ्यांनी पाहिली."

"डोळ्यांनी," असं म्हणून बाई हसल्या. ते हसणं शिष्येला मुळीच आवडलं नाही.

"संगणक बंद कर."

तिनं केला. बाई चाचपत उठल्या, भिंतीतली वायर काढली, दुसरं टोक यंत्रातून काढलं आणि नीट वेटोळं करून मांडीवर घेऊन बसल्या.

"हे यंत्र मेलं."

"बाई! भलतंसलतं काय बोलता!"

"मेलं असं धर. सुतक नको पाळूस. पलीकडे मुली भूगोलाला बसल्यात. तुझी कॉपी ने आणि धडा लाव."

शिष्येला काही उमगेना. परीक्षा डोक्यावर आणि हा कसला पोरखेळ? परंतु बाईंचा शब्द मोडण्याची रीत त्या शाळेत नव्हती. ती वर्गात गेली. तिथल्या लॅपटॉपला तिनं पेनड्राइव्ह जोडला. भूगोल म्हणताच मुलींनी डावे तळहात पुढे धरले.

तिनं भूगोलाच्या नावावर टिचकी मारली. आवाज आला तो बाईंचा नव्हे, नुसतंच टिंग. पडद्यावर ओळ उमटली: फाइल सापडत नाही. तिनं इतिहास उघडला. टिंग. मराठी. टिंग. मुलींचे तळहात तसेच पुढे.

"ताई, बाई बोलत का नाहीत?" एकीनं विचारलं.

तेव्हा कुठे तिला दिसलं. प्रत्येक चिन्हाच्या कोपऱ्यात मुंगीएवढा बाण होता. ती धड्याची फाइल नव्हतीच. धड्याकडे नेणारा शॉर्टकट होता. तिनं घर म्हणून उचलून आणली ती घराकडे बोट दाखवणारी पाटी.

ती धावतच परतली. "वायर द्या! बाई, आधी वायर द्या!"

बाईंनी दिली. यंत्र म्हातारं, एकदा बंद पडलं की रुसून बसायची त्याची खोड. पडदा काळा. अजून काळाच. आत कसलीशी घरघर. आज हे उठलंच नाही तर? हळूहळू पडदा उजळला. तिनं भूगोल उघडला.

"पोरींनो, डावा तळहात पुढे धरा."

शिष्या टेबलावर डोकं टेकून रडू लागली.

"रडून झालं की ऐक," बाई म्हणाल्या. "सगळं दही कढीत ओतण्याआधी आपण वाटीभर विरजणाला काढून ठेवतो. तू वाटी झाकलीस, वर नाव लिहिलंस. आत दही आहे की कालवलेला चुना, हे कुठे पाहिलंस? मला दिसत नाही, म्हणून मी चव घेते. तुला दिसतं, म्हणून तू फसलीस. मूळ वस्तू नसताना जिच्यावर एक दिवस निभावत नाही, ती प्रत नव्हे, मनाची समजूत. आणि तुझी भीती वेडी नव्हती हो. ती बिचारी तुला प्रश्न विचारत होती. तू उत्तर शोधलं नाहीस, तिलाच गप्प करत बसलीस."

शिष्येनं डोळे पुसले. मूळ फाइली जिथे होत्या, त्या कप्प्यात शिरून तिनं पुन्हा प्रत काढायला घेतली. या वेळी पडद्यावरची कामाची पट्टी गोगलगाईसारखी सरकली. मग वर्गात त्या प्रतीवरून धड्यांमागून धडे लागले. मुली कान देऊन बसत. कुठे आवाज अडखळला तर हात वर करत.

मध्येच व्यापाऱ्याचा फोन आला. "काय ताई, झाला का चहा?"

"नाही. अजून चव घेतेय."

त्याला काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

शेवटचा धडा ऐकून झाला तेव्हा शिष्या पुन्हा संगणकापुढे बसली. बाई मागे होत्या. तिनं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. इतक्यात पलीकडच्या वर्गातून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत: "तिथून करंगळीकडे धावणारी रेघ चाचपा."

तिनं खाली पाहिलं. तिचाच डावा तळहात मांडीवर उघडा होता आणि उजव्या हाताचं बोट गोदावरीवर.

"चहा टाक आता," बाई म्हणाल्या.

तुमच्याही खणात 'आहे की कॉपी' म्हणून काहीतरी पडलेलं असेलच. ते आज बाहेर काढा, उघडा, बोलतं का ऐका, आणि मग काय ती बटणं दाबा.