चालू टीव्ही

वसईकडच्या एका गावात नाताळच्या सुटीत टीव्हीवर काय दिसावं, हे केबलवाला गजा शेठ ठरवायचा. दरवर्षी तो चर्चमधली नाताळची गाणी दाखवी. यंदा त्याने ती काढली आणि मारामारीचे तेच ते शिळे सिनेमे लावले. इनास म्हाताऱ्याची बायको मारू अंथरुणाला खिळलेली. तिला चर्च दिसायचं ते टीव्हीतच. इनासने शेठला भर नाक्यावर गाठलं.

"शेठ, हा कचरा बघतो कोण?"

"घरोघरी टीव्ही चालू आहेत, काका. चालू आहे म्हणजे बघतायत. खोटं ठरवून दाखवा, संध्याकाळी गाणी लावतो. नाही जमलं तर तुमची केबल तोडणार."

नाक्यावरची माणसं जवळ सरकली. केबल तुटली तर इनास मारूला काय तोंड दाखवणार? पण तो म्हणाला, "चला घरी. सणाचं तोंड गोड करा, मग खुशाल तोडा."

माणसंही मागोमाग आली. घरात, मारूच्या आतल्या खाटेवरून दिसेल असा, टीव्ही चालूच होता. इनासने शेठला बरोबर टीव्हीसमोर बसवलं. शेठने केक हाणला, घरची वाइन ढोसली, फोनवर कुणाला तरी झापलं. मग तोंड पुसून म्हणाला, "हं, दाखवा काय दाखवायचंय ते."

इनासने टीव्हीवर टॉवेल टाकला. "आता सांगा, सिनेमात कोण कोणाला मारत होतं?"

शेठ टॉवेलकडे बघत राहिला. "माझं लक्ष कुठे होतं?"

"टीव्ही तर चालू होता, शेठ!"

दारात हशा पिकला. शेठ चपला शोधू लागला.

आतून मारूचा आवाज आला, "अहो, टॉवेल काढा तो. गाणी लागतील आता."